थोरलीच्या सात गाठी

१

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास ऑइलचा काटा हलला नाही, आणि पुढच्या दोन मिनिटांत शेडमधल्या सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे वळल्या.

काट्याचा आणि वहिनींचा काय संबंध, असं परक्या माणसाला वाटेल. पण तिथे परकं कुणी नव्हतं. पाच माणसं होती आणि एक गाडी. गाडी म्हणजे लांब नाकाचा, पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक, अकरा वर्षं लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेला. वहिनींच्या नवऱ्यानं, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, तो लग्नाच्या दोन वर्षं आधी घेतला होता. घरात आधी आली ती, म्हणून गाडीचं नाव पडलं थोरली. मग वहिनी कितव्या, हे कुणी तोंडानं म्हणत नसे. वहिनींनी ही थट्टा अठ्ठेचाळीस वर्षं हसून घेतली होती आणि एकदाही त्यांना हसू आलं नव्हतं.

कारणं होती. थोरलीचा आवाज जरा बदलला की उस्ताद जेवणावरून उठत. वहिनींचा घसा बसला तर चौथ्या दिवशी विचारत, तुला काही झालंय का. लेकीचा जन्म झाला तेव्हा ते पाच तास उशिरा दवाखान्यात आले, कारण थोरलीचा क्लच गेला होता. वहिनी हे विसरल्या नव्हत्या, आणि विसरायचा त्यांचा विचारही नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी काचबिंदूनं उस्तादांची नजर गेली. पूर्ण नाही, पण समोर कोण उभं आहे हे आवाजावरून ओळखावं लागे. तेव्हा त्यांनी थोरलीला स्वतःच्या हातांनी झोपवलं. हा त्यांचाच शब्द. चाकं उचलली, टाकी रिकामी केली, आणि उंदीर-झुरळं आत शिरू नयेत म्हणून इंजिनाची उघडी तोंडं चिंध्यांनी बुजवली. चिंध्या कशाच्या, तर वहिनींच्या नव्या चौकड्याच्या चादरीच्या. घरात जुनं फडकं नव्हतं असं नाही. थोरलीला मऊ लागतं, असं त्यांचं म्हणणं.

उस्तादांच्या हाताखाली शिकलेल्यांची एक रीत होती. एक तोंड बुजवलं की सुतळीला एक गाठ मारायची आणि ती सुतळी स्टिअरिंगला अडकवून ठेवायची. गाडी पुन्हा उठवताना एक चिंधी काढली की एक गाठ सोडायची. सुतळी सरळ झाल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही. दिसणारी चिंधी कुणीही काढील. न दिसणारी आत राहिली तर इंजिन कामातून जातं, म्हणून ही रीत.

उठवायचं काम लेकीनं घेतलं होतं. ती डेपोत बसगाड्यांची मेकॅनिक, आठवड्याची रजा काढून आलेली. सोमवारी तिनं बॅटरी आणलीच नाही, म्हणजे कुणाला मोह नको. टाकीच्या तळाशी राहिलेलं पेट्रोल डिंकासारखं घट्ट झालं होतं, ते खरवडून काढलं. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. एअर फिल्टरमधून उंदराचं घरटं निघालं. ब्रेक उघडून नवे रबर घातले. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं आणि तीन दिवस मुरू दिलं, मग हँडल लावून हातानंच, अर्धा-अर्धा फेरा करत, इंजिन मोकळं केलं. अडकलेल्या गोष्टीला जोर लावायचा नसतो, असं ती येता-जाता म्हणे. मग नवं ऑइल, नवं पाणी, चाकं जमिनीवर आणि त्यांना पाचरी, हाताशी आग विझवायचं नळकांडं. शनिवारी बॅटरी आली, तीही गाडी सुरू करायला नाही. प्लग बाहेरच ठेवून नुसता स्टार्टर मारायचा, ऑइल वर चढून काटा हलेपर्यंत. काटा हलला की प्लग आत, आणि रविवारी सकाळी दहाला सगळ्यांसमोर गाडी सुरू.

लेकीनं दहा सेकंद स्टार्टर मारला आणि थांबली. पुन्हा दहा सेकंद. काटा शून्यावर चिकटून बसला होता.

"सुतळी सरळ आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "सोमवारी मोजल्या तेव्हा सहा गाठी होत्या. सहा चिंध्या काढल्या, सहा गाठी सोडल्या."

"सहा?" क्लिनर म्हणाला. हा तीस वर्षं उस्तादांच्या शेजारच्या सीटवर बसलेला माणूस, आता स्वतःच साठी ओलांडलेला. "सात होत्या. चादर मी फाडलीय, या हातांनी."

उस्तादांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांचा धाकटा भाऊ आधी बोलला. शेड दोघा भावांची सामाईक. ठरलं होतं असं, की रविवारी गाडी सुरू झाली तर ती इथंच राहील. नाही झाली तर ती भंगारात जाईल आणि शेडमध्ये भावाचं रंगाचं गोडाऊन येईल.

"म्हणजे कुणीतरी चिंधी आत ठेवून गाठ तेवढी सोडली," तो म्हणाला. "इंजिन जाम व्हावं म्हणून मुद्दाम. थोरलीवर एवढा दात कुणाचा असेल?"

एवढं बोलून त्यानं वहिनींकडे बघितलं. क्लिनरनंही बघितलं. उस्तादांनी उघडलेलं तोंड मिटलं. गेल्या रविवारी शेडचं दार उघडलं तेव्हा वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "ही सुरू झाली तर मी निघाले माहेरी." सत्तराव्या वर्षी कुठलं माहेर, म्हणून सगळे हसले होते. आज कुणी हसलं नाही.

लेकीनं हात पुसले. "आई," ती हळूच म्हणाली, "रविवारी तू इथं एकटीच होतीस ना, झाडायला?"

२

परक्यानं विचारलं असतं तर वहिनींनी चार शब्द सुनावून त्याची बोळवण केली असती. इथे पोटच्या पोरीनं विचारलं होतं. आणि खरं सांगायचं तर प्रश्न खुळा नव्हता. मनातल्या मनात वहिनींनी थोरलीला किती वेळा दरीत ढकललं होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

"मी नाही केलं," त्या म्हणाल्या.

"बरं," लेक म्हणाली. बरं म्हणायची ती रीत वहिनींना मुळीच आवडली नाही.

"चिंधी काय, शोधून काढ आणि कर सुरू," दीर चिडवत म्हणाला.

"चिंधी मी तासाभरात शोधीन, काका. प्रश्न तो नाही. ज्यानं एक गाठ सोडली, त्यानं आणखी कशाकशाला हात लावलाय हे मला कोण सांगणार? ब्रेकची नळी? पेट्रोलची? जुन्या गाडीला आग लागायला ठिणगी पुरते. हे कुणी केलं ते कळल्याशिवाय मी हिला सुरू करणार नाही. दहा वाजू देत नाहीतर बारा."

म्हणजे दोन गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या गेल्या. उद्या दहाच्या आत खरा माणूस सापडला नाही, तर थोरली भंगारात, आणि तिला भंगारात घालणारी बाई म्हणून वहिनी जन्मभर या घरात वावरणार. थोरलीचं काय व्हायचं ते होवो. पण तिच्यापायी आपल्या तोंडाला काळं लागावं, हे वहिनींना सोसणारं नव्हतं. जाता जातासुद्धा ती आपल्याला मागे टाकून जाणार, असं त्यांच्या मनात आलं.

"कुणी कशाला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "चिंध्या आणि सुतळी माझ्याकडे द्या."

हा हुकूम ऐकून दीर हसला, पण क्लिनर हसला नाही. वहिनींनी सव्वीस वर्षं मोठ्या लॉन्ड्रीत तक्रारीच्या खिडकीवर काढली होती, हे त्याला माहीत होतं. कुणाची पँट कुणाच्या गठ्ठ्यात गेली, डाग आधीचा की नंतरचा, बटण तुटलं की कुणी तोडलं, हे त्या खिडकीतून कपड्याला हात न लावता सांगत. तिथला पहिला नियम हाच होता: तक्रार ऐकून होईपर्यंत कपडा हलवायचा नाही.

वहिनींनी सहा चिंध्या घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरल्या. चादर फाडलेली होती, कापलेली नव्हती, त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या कडेचे दोरे शेजारच्या तुकड्याशी जुळत होते. पाऊण तासात चादर परत जुळली. मध्ये हातरुमालाएवढी जागा रिकामी राहिली, आणि तिच्या चारी बाजूंच्या चौकड्या कुणाची तरी वाट बघत होत्या. क्लिनर खरं बोलला होता. तुकडे सातच होते.

मग त्यांनी सुतळी उजेडात धरली. अकरा वर्षं धूळ खाल्लेली सुतळी काळपट पडली होती, पण जिथे जिथे गाठ होती तिथे आतली बाजू अजून पिवळीजर्द होती. असे पिवळे ठिपके सात. त्यातले सहा ठिपके पिंजारलेले, कारण लेकीनं घट्ट बसलेल्या गाठी सायकलच्या स्पोकनं उकरून सोडल्या होत्या. सातव्याचा एकही तंतू उचकटलेला नव्हता. ती गाठ कुणीतरी नुसत्या बोटांनी, अगदी सावकाश सोडली होती.

वहिनींनी ठिपके वरून मोजले, मग खालून मोजले आणि खुर्चीवर टेकल्या. ती गाठ सगळ्यांत खालची नव्हती. वरचीही नव्हती. वरून तिसरी होती, मधलीच एक.

३

दुपारी त्या दिराच्या दुकानात गेल्या. रंगाचे डबे छतापर्यंत रचलेले, आणि काउंटरमागे दीर एका काडीनं रंग ढवळत बसलेला.

"भावोजी, स्पष्ट विचारते. तुम्ही केलंत?"

"वहिनी, मला ती गाडी नकोय, हे मी लपवलंय का कधी?" त्यानं काडी डब्याच्या कडेला निथळत ठेवली. "आणि ऐकायचंच असेल तर पूर्ण ऐका. तीस वर्षं हे दुकान चालवतोय मी. निम्म्या घरांना मी पुरवलेला रंग आहे. आणि लोक ओळख कशी करून देतात, तर हा उस्तादांचा धाकटा भाऊ. दादानं काय केलं? एक ट्रक चालवला. पण मला जर गाडी बंद पाडायची असती तर मी काय केलं असतं सांगू? काहीच नसतं केलं. अकरा वर्षं उभी असलेली गाडी सुरू होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी गोडाऊनच्या फळ्यांची ऑर्डर सोमवारीच देऊन बसलोय. तुमच्या लेकीचं काम बघून बुधवारपासून माझी झोप उडालीय."

वहिनींनी काउंटरवरची फळ्यांची पावती बघितली. तारीख सोमवारची होती. गाठ सुटली ती त्याच्याही आधी, कारण सोमवारी सकाळी लेकीनं मोजल्या तेव्हा सहाच भरल्या. ज्याला जिंकल्याची इतकी खात्री होती, तो रविवारी बोटं दुखवत गाठ कशाला सोडत बसेल?

क्लिनरची खोली टायरच्या दुकानावर होती. एक खाट, एक स्टोव्ह, आणि भिंतीवर थोरलीचा फोटो. फोटोत उस्ताद स्टिअरिंगवर, आणि क्लिनर चाकापाशी फडकं घेऊन उभा. वहिनींच्या घरातही हाच फोटो होता, आणि त्यात वहिनी कुठेच नव्हत्या.

"बसा, वहिनी. मी चहा टाकतो."

"चहा नको, भाऊ. रविवारी शेडमध्ये एकटे कोण कोण होते?"

"सगळेच, थोडा थोडा वेळ. तुम्ही झाडलंत. तुमचे दीर जागा मोजत होते. मी बॉनेट पुसलं. उस्ताद केबिनमध्ये अर्धा तास नुसते बसून होते, स्टिअरिंग धरून. हाक मारली तर म्हणाले, थांब जरा." क्लिनरनं मान खाली घातली. "मी दार लावून घेतलं. म्हटलं, असू दे त्यांना."

वहिनींच्या मनात नेहमीची ती कळ उठली. आपला हात धरून ते अर्धा तास कधी बसले होते, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"आणि तुम्ही? तुम्हाला काय वाटत होतं गाडी उठवताना?"

क्लिनरनं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मग बोलला तो एकदम.

"तीस वर्षं, वहिनी. उन्हात, पावसात, गाडी मागे घेताना मी मागे उभा राहून हात हलवले. एकदा तरी म्हणतील, ये, घे, चालव दोन मैल. नाही म्हणाले. मी मागितलंही नाही. वाटायचं, नाही देत तर कुणालाच देत नाहीत, ठीक आहे. आणि आता पोरीनं नुसतं म्हटलं, मी बघते, की लगेच किल्ली तिच्या हातात. चांगली पोर आहे, माझ्या कडेवर वाढलीय. पण मला काय झालं असेल ते तुम्हाला कळेल. तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?" त्यानं डोळे वर केले. "होय. मला वाटलं, ही सुरूच होऊ नये."

४

वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या, त्या परत बसल्या. लॉन्ड्रीच्या खिडकीवर हे अनेकदा घडलं होतं. माणूस वाटण्याची कबुली देतो आणि ऐकणारा ती केल्याची कबुली धरतो. मग भलताच फासावर.

"भाऊ, तुम्ही गाठ सोडली असती," त्या सावकाश म्हणाल्या, "तर आज सकाळी सात चिंध्यांची आठवण कशाला करून दिली असतीत? लेकीच्या मोजणीत सहा बसत होत्या. गप्प राहिला असतात तर कुणाला पत्ता लागला नसता."

क्लिनरनं नाक पुसलं. "एवढं माझ्या ध्यानातच आलं नाही," तो म्हणाला.

जिना उतरताना वहिनींना एका अर्थी मोकळं वाटत होतं आणि एका अर्थी फारच वाईट. दिराला हेवा, क्लिनरला हेवा, आपल्याला तर विचारूच नका. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की हा आजार आपल्या एकटीचा आहे. इथे तर घर भरलं होतं. हेव्यावरून चोर पकडायचा म्हटलं तर सगळ्यांनाच बेड्या घालाव्या लागल्या असत्या. तेव्हा माणसं बाजूला ठेवून वहिनी पुन्हा सुतळीकडे वळल्या. मधलीच गाठ का?

घरी येऊन त्यांनी सुतळीचा नवा तुकडा घेतला, त्याला सात गाठी मारल्या आणि दाराच्या खिळ्याला अडकवला. मग स्वतःलाच सांगितलं, यातली एक सोड. हात आपसूक सगळ्यांत खालच्या गाठीकडे गेला. खालचं टोक मोकळं असतं, ओढून काढायला सोपं. वहिनींनी ती गाठ पुन्हा मारली.

संध्याकाळी सगळे चहाला जमले. लेक टेबलाशी बसून ब्रेकचे नट पुन्हा तपासल्याची यादी करत होती. आईकडे ती बघत नव्हती. वहिनींनी सुतळी तिच्यासमोर ठेवली. "यातली एक गाठ कमी कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना."

लेकीनं खिशातला स्पोक काढला आणि खालची गाठ उकरली. वहिनींनी ती पुन्हा मारून सुतळी दिरापुढे धरली. त्यानंही खालचीच ओढली, नखानं, तोंड वाकडं करत. क्लिनरनं कप खाली ठेवला आणि काही न विचारता खालचीच सोडली. तिघांचे हात तीन तऱ्हांचे, पण गेले एकाच ठिकाणी. मोजणीतून एक कमी करायची तर कुणीही खालचीच सोडणार. मधलीला हात घालायचा तर तीच सोडायला काहीतरी कारण हवं.

राहिले होते फक्त उस्ताद. ते मागच्या खोलीत खिडकीपाशी रेडिओ लावून बसले होते. खरं तर त्यांना विचारायचंही वहिनींच्या मनात नव्हतं. ज्याची गाडी, ज्याचा जीव तिच्यात, तो तिच्या वाटेला कशाला जाईल? पण खिडकीवर एक शिस्त होती, गठ्ठा तपासायचा तर शेवटच्या कपड्यापर्यंत. वहिनींनी रेडिओ बंद केला आणि सुतळी त्यांच्या हातात दिली.

"यातली एक गाठ सोडा."

उस्तादांची बोटं सुतळीच्या वरच्या टोकाला गेली आणि एकेका गाठीवर थांबत खालपर्यंत आली. मग तशीच परत वर गेली. त्यांनी चेहरा वर केला.

"कोणती?" त्यांनी विचारलं.

५

वहिनी पलंगावर बसल्या. 

"चौघांना विचारलं मी," त्या म्हणाल्या. "माझ्यासकट. कोणती, असं कुणीच विचारलं नाही. आमच्यासाठी सात गाठी म्हणजे सात. तुमच्यासाठी प्रत्येक गाठ म्हणजे एकेक तोंड. पहिली रेडिएटरची असेल, दुसरी आणखी कशाची. तिसरी कशाची होती हो?"

उस्तादांनी सुतळी मुठीत धरली.

"तिसरी कशाची?"

"ऑइलच्या नळीची," ते म्हणाले. "इंजिनाच्या तोंडात चिंधी घालून वर नळी परत बसवली होती. बाहेरून दिसत नाही. पोरीनं नुसता नट आवळला असणार."

"आणि चिंधी आत ठेवून गाठ तुम्ही सोडलीत."

"तिला काही होणार नव्हतं," उस्ताद घाईनं म्हणाले. कोणाला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि वहिनींनी विचारलं नाही. "काटा हलल्याशिवाय प्लग आत घालायचे नाहीत, हे पोरीला मीच शिकवलंय. ती थांबणार हे मला ठाऊक होतं. थांबेल, आणि मग येऊन विचारील, बाबा, काय राहिलं असेल? मी सांगेन, अमुक नळी बघ. एवढंच मनात होतं माझ्या." त्यांनी सुतळी बोटाभोवती गुंडाळली. "माझ्या हातांनी झोपवली तिला. आणि ती दुसऱ्याच्या हातानं उठणार, मला एक शब्द न विचारता. पोरीला सगळं येतं, गं. मी आवाज ऐकत बसतो इथून. बरोबर करते ती. आठवडाभरात तिनं मला एक गोष्ट विचारली नाही. मला त्या पोरीचा हेवा वाटला."

वहिनींना हसू यावं की रडू, कळेना. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी हा आजार जोपासला होता, आणि त्याची लक्षणं शेजारी झोपणाऱ्या माणसात त्यांना दिसली नव्हती.

"सकाळी सांगायला तोंड उघडलं होतंत."

"हो. तेवढ्यात तो म्हणाला, मुद्दाम केलं. इंजिन जाम करायला केलं. मग कसं सांगणार? लाज वाटली."

"आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा?"

"मला दिसत नाही."

"तुम्हाला ऐकू येतं," वहिनी म्हणाल्या. "पोरीनं मला विचारलं ते ऐकलंत. मी नाही म्हटलं ते ऐकलंत. ती बरं म्हणाली तेही ऐकलंत." त्यांनी उस्तादांच्या बोटाभोवतीची सुतळी सोडवून घेतली. "एक गोष्ट सांगते. खोटं करायचंच होतं तर खालची गाठ सोडायची, दोन मिनिटांचं काम होतं. तुम्ही अर्धा तास बसून मधली उकललीत. कारण खालची सोडणं म्हणजे दुसऱ्याच तोंडाबद्दल खोटं सांगणं. लबाडी करतानासुद्धा थोरलीशी खोटं वागवलं नाही तुम्हाला. माझ्या बाबतीत मात्र सगळा दिवस गप्प बसवलं."

 खिडकीबाहेर कुणीतरी सायकल ढकलत गेलं, तिच्या चाकाचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

"मला माफी नको," वहिनी उठत म्हणाल्या. "पोरीला सांगा. उद्या, गाडीला हात लागायच्या आधी."

रविवार उजाडला. सकाळी साडेनऊलाच शेडसमोर माणसं जमायला लागली. उस्तादांच्या बरोबरीचे, त्यांच्या हाताखाली शिकलेले, काठ्या टेकत आलेले वीसेक ड्रायव्हर. दीर पावती खिशात घालून दाराशी उभा होता. लेक हात बांधून बॉनेटला टेकली होती. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं की आज गाडी सुरू होणार नाही.

वहिनींना वाटलं, हे लेकीला बाजूला घेतील आणि कानात सांगतील. तेवढंही त्यांना चाललं असतं. पण उस्ताद क्लिनरचा खांदा धरून शेडच्या मधोमध आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"गाठ मी सोडली. तिसरी. ऑइलच्या नळीची. पोरीनं येऊन मला विचारावं म्हणून सोडली. दुसऱ्या कशालाही हात लावलेला नाही. आणि काल माझ्या बायकोवर आळ आला तेव्हा मी इथंच उभा होतो आणि बोललो नाही."

या माणसांमध्ये उस्तादांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. चिंधी न काढता गाठ सोडणं म्हणजे त्यांच्या धंद्यात केवढा गुन्हा, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, कारण ते त्यांनी उस्तादांकडूनच शिकलेलं होतं.  एका म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

लेक वडिलांकडे बघत राहिली, मग आईकडे वळली. "आई, मी काल तुला..."

"ते घरी बोलू," वहिनी म्हणाल्या. "रडायचं तर घरी रड. आधी काम."

लेकीनं डोळे पुसले आणि पाना वडिलांच्या हातात दिला. उस्तादांनी बघायचा प्रयत्नही केला नाही. डावा हात इंजिनावरून सरकत गेला, नळी सापडली, नट सुटला, आणि चिमट्यानं त्यांनी चौकड्याची ओली, काळी चिंधी बाहेर ओढली. नळी परत बसली. लेकीनं स्टार्टर मारला. सहा सेकंद, सात, आणि काटा उठला.

"बाबा, प्लग घालू?" तिनं विचारलं.

"घाल," उस्ताद म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की वहिनींना पुन्हा ती जुनी कळ आली. ती काही एका दिवसात जाणार नव्हती.

क्लिनर नळकांडं घेऊन बाजूला उभा राहिला. पहिल्या झटक्याला इंजिन नुसतं खोकलं. दुसऱ्याला निळा धूर निघाला, सिलिंडरमध्ये मुरवलेल्या तेलाचा. तिसऱ्याला थोरली सुरू झाली. आधी अडखळत, मग एका लयीत. दीर म्हणाला की धूर फार आहे, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. वीस म्हाताऱ्या माना एकदम गाडीकडे झुकल्या होत्या. क्लिनर रडत होता. लेक कान देऊन आवाज ऐकत होती.

उस्तादांनी तेवढी मान वळवली. गाडीकडे पाठ करून, अंधूक सावल्यांच्या त्या गर्दीत, ते कुणाला तरी शोधत होते.

"अगं," ते म्हणाले, "कुठे आहेस तू?"

वहिनी तीन हातांवर उभ्या होत्या. त्यांनी लगेच ओ दिली नाही. आवाजात ऐकू गेलं नसेल असं समजून उस्तादांनी पुन्हा विचारलं, आता मोठ्यानं, सगळ्या ड्रायव्हर मंडळींना ऐकू जाईल असं. तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "ही काय, इथंच आहे."